खिडकीजवळचं टेबल

ओसला हॅलक्रो डॉक्टर होणार हे फेटलर या आमच्या लहानशा बेटावर तिच्याआधी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे माणसं थोडी आणि मेंढ्या भरपूर. त्यामुळे एका पोरीला एबर्डीनच्या विद्यापीठात वैद्यकीला प्रवेश मिळाला, तर तो अख्ख्या बेटालाच मिळाल्यासारखा झाला. गावच्या हॉलमध्ये फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, वाजलं, नाच झाला, खारवलेल्या मटणाच्या सुपाची पातेली रिकामी झाली. ओसलाचा बाप एरवी काय ते मेंढ्यांशीच बोलतो, तोही उभा राहून दोन शब्द बोलला. एवढा थाटामाटाचा निरोप दिल्यावर त्या पोरीला परत यायचं तोंड राहत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओसलाच्या आलं होतं.

त्या नाचाला मिस इंकस्टर तेवढ्या नव्हत्या. रूबी इंकस्टर म्हणजे आमच्या शाळेच्या बाई, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात सदा विणकाम. किनाऱ्यावर मेलेल्या सीलची हाडं वाहून आली की त्या सगळ्या वर्गाला तिकडे न्यायच्या आणि एकेका हाडाचं नाव घोकून घ्यायच्या. बोट दाखवायच्या ते उजव्या करंगळीनं. तरुणपणी होडीच्या दोरात सापडून ती करंगळी पहिल्या पेरापासून बाहेर वळली होती, त्यामुळे त्या नेमकं काय दाखवतायत ते पोरांना कधीच कळायचं नाही. सकाळी वर्गात शिरताना "गुड मॉर्निंग, मिस इंकस्टर" म्हटल्याशिवाय खडूला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पण घरच्या आजारपणांत ते राहून गेलं. म्हातारपणी त्यांनी देहदानाचा कागद सही करून ठेवला आणि दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, "जिवंतपणी नाही जमलं, आता मेल्यावर तरी घेतील की नाही विद्यापीठात?" सगळे हसले होते. ओसलाही हसली होती.

नाचाच्या आधीच, एप्रिलमध्ये, बाई गेल्या. कागदावर होतं त्याप्रमाणे त्यांना बोटीनं एबर्डीनला नेलं. सप्टेंबरात त्याच बोटीनं ओसला गेली, आणि रात्रभर डेकवर उभी असताना तिला पहिल्यांदा विचार आला, कापायला आपल्यापुढे बाईच आल्या तर?

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी तिथले प्रमुख पेट्री यांनी सगळ्यांना बाहेरच थांबवलं. मृदू बोलणारा माणूस. "आत आहेत ते तुमचे पहिले शिक्षक," ते म्हणाले. "नावं तुम्हाला सांगितली जाणार नाहीत. तुमच्या ओळखीतल्या कुणी देहदान केलं असेल, तर मला येऊन सांगा. हळूच सांगितलंत तरी चालेल. मी बघून घेईन."

ओसलानं तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःसाठी सगळ्यांना थांबवायचं, हे फेटलरच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं वाटतं. शिवाय सांगितलं तर पेट्री जाऊन बघतील, परत येतील, आणि त्यांचा चेहरा बघूनच उत्तर कळेल. ते उत्तर तिला नको होतं.

तिच्या टेबलावर एक दांडगा म्हातारा निघाला. चादर बाजूला झाली तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिच्याच टेबलाचा दुसरा विद्यार्थी फर्गस, पर्थ गावचा, तोंडाचा फटकळ, म्हणाला, "काय गं, रडतेस कशाला? अजून काही कापलंसुद्धा नाही!" दोनच दिवसांनी तो हॉलभर भटकून आला आणि सांगायला लागला, "खिडकीजवळच्या टेबलावर एक ठेंगणी म्हातारी आहे बघ. पांढरे शुभ्र केस. जन्मभर विणकाम केलेलं असणार, हात असे आहेत. चल की, दाखवतो."

"नंतर," ओसला म्हणाली.

त्या दिवसापासून हॉलमध्ये तिच्यासाठी ते एकच टेबल उरलं. ती दारातून शिरायची ती भिंतीला धरून, खिडकीकडे पाठ करून. कापताना हातापेक्षा मानेवर जास्त घाम यायचा, कारण मागून आता कुणीतरी "ओसला, ताठ बस" म्हणेल असं वाटत राहायचं. घरी आईचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायची आणि जेवणाचं ताट तसंच सारून द्यायची. स्वप्नात चादरीखालून फक्त ती वाकडी करंगळी बाहेर यायची आणि कुठलंतरी हाड दाखवायची, आणि ओसलाला नाव आठवायचं नाही. फर्गसनं एकदा गमतीत तिला दंडाला धरून खिडकीकडे ओढलं, तर ती अशी किंचाळली की अख्खा हॉल गप्प झाला. त्यानंतर तो बिचारा तिच्याशी जपून बोलायला लागला, आणि ते तिला चिडवण्यापेक्षा वाईट वाटलं.

मार्चमध्ये शवविच्छेदन शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी तिला खोलीत बोलावलं. "वर्षभरात तू एकदाही दुसऱ्या टेबलावर गेली नाहीस म्हणे. अंतिम परीक्षेत घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जावं लागतं, तुला ठाऊक आहे ना? प्रत्येक टेबलावर. त्यात नापास झालीस तर तुझी जागा राहणार नाही, मुली."

जागा गेली तर घरी. घरी म्हणजे तो गावचा हॉल, ते फिडल, ते सूप, तो बापाचा चेहरा. पुढे गेली तर खिडकी.

मे महिन्यात विद्यापीठाच्या चॅपलमध्ये देहदान केलेल्यांसाठी प्रार्थना असते. पुढे नातेवाईक, मागे विद्यार्थी. पाद्री एकेक नाव सावकाश वाचत होते, आणि ओसला बाकाची कड घट्ट धरून बसली होती.

"रूबी मार्गारेट इंकस्टर. फेटलर."

पुढच्या रांगेत एक टक्कल पडलेलं डोकं खाली झुकलं. बाईंचा धाकटा भाऊ लॉरी, ठेवणीतला कोट घालून बोटीनं आला होता.

चहाच्या वेळी ती खांबाआड सरकली, पण लॉरीनं तिला गाठलंच. हातात टोपी, बशीत न खाल्लेलं सँडविच.

"ओसला! किती वाळलीस गं. खायला घालतात की नाही इथे?" मग तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भेटली का गं तुला आमची रूबी?"

"माहीत नाही, लॉरी. मी... मी बघितलंच नाही. मला भीती वाटते."

"भीती? रूबीची?" म्हातारा खरोखरच बुचकळ्यात पडला. "अगं, ती कागद रद्द करणार होती. जाण्याआधीच्या हिवाळ्यात. म्हणाली, आईशेजारीच निजवा मला, पुरे झाली ती थेरं. मग तुझा अर्ज गेल्याचं कळलं, तर पुन्हा फिरली. म्हणते कशी, पोरगी एवढ्या मोठ्या गावात एकटी पडेल, कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं." त्यानं नाक ओढलं. "मी म्हटलं, मेलेल्या माणसाची कसली सोबत गं? तर मलाच ओरडली. जरा वेडीच होती."

लॉरीनं ते सँडविच तिच्या हातात दिलं. ती ते खात राहिली आणि रडत राहिली.

पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. पण आता ती दुसऱ्याच गोष्टीला भीत होती. एकेक टेबल मागे टाकत ती खिडकीकडे सरकत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, बाई, तुम्हीच असा. वर्षभर पाठ केली तुमच्याकडे, माफ करा, पण तुम्हीच असा.

घंटा वाजली. ती खिडकीजवळच्या टेबलापाशी उभी राहिली. चेहरा झाकलेला होता. पांढरा उजवा हात उजेडात उघडा होता, अंगठ्याच्या मुळाशी टाचणी टोचलेली, बाजूला प्रश्न: ही नस कोणती?

तिनं आधी करंगळी बघितली.

करंगळी सरळ होती.

ही दुसरीच कुणी बाई होती. कुठल्या गावची, कुणाची, देव जाणे. मिस इंकस्टर मागच्या खोलीत पुढच्या वर्षीच्या पोरांची वाट बघत होत्या, की दुसऱ्याच कुठल्या हॉलमध्ये होत्या, ते ओसलाला कळलं नाही, आणि नंतरही तिनं कुणाला विचारलं नाही. त्या क्षणी मात्र तिला इतकं एकटं वाटलं की एबर्डीनला आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. समोर हात होता. या हातानंही कुणासाठी तरी विणलं असणार, आणि वर्षभर ओसलानं त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

नस तिला येत होती. तिनं पेन्सिल उचलली, आणि थांबली.

"गुड मॉर्निंग," ती हळूच म्हणाली, आणि मग लिहायला लागली.