सासऱ्यांचा दोर

"दोर सोडलास तर बघ, गाढवा!" विहिरीतून सासरे ओरडले. एरवी ते मला जावईबापू म्हणत.

पिंपरीला कारखाना नुकता उभा राहत होता आणि त्या कामावर नगरकडून आलेली आमची पाचसहा ख्रिस्ती घरं कासारवाडीच्या रुळांपलीकडे राहत होती. गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती, म्हणून आम्ही आपली विहीर खणायला घेतली. पन्नास हात खोल गेली होती. बरं, तीस म्हणा. तळाला काळा खडक होता, पडणाऱ्याला पन्नास काय आणि तीस काय, सारखंच. बाकीचे जेवायला गेले आणि सासऱ्यांना ओल लागली का ते तेव्हाच बघायचं होतं. दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, कप्पीवरून आलेलं दुसरं माझ्या. खोबणीत पाय ठेवत ते उतरले आणि अर्ध्यात त्यांच्या पायाखालचा कडाच ढासळला. आता अख्खे सासरे माझ्या हातात लोंबकळत होते.

आणि मी कोण? दर रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला पहिला उठणारा. माझा विश्वास असा, की डोंगराला नुसती डोळ्यानं खूण केली तर तो लोणावळ्यापर्यंत सरकेल. अंगात शक्ती अशी, की चाकणच्या बाजारात उधळलेला बैल मी शेपटीला धरून खाली बसवला होता. बैल म्हातारा होता, बसायच्याच बेतात होता. पण एवढं सगळं साक्षीत सांगत नाहीत.

तळहातांची सालटी निघाली. दोर रक्तानं बुळबुळीत झाला. बोंब मारावी तर नेमकी मालगाडी आली, तिला दोनशे तरी डबे असावेत, आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. प्रार्थना करायला गेलो तर जन्मभराची पाठ प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' इथंच खुंटली. घरी बायको आम्हा दोघांचं ताट वाढून बसली होती. बाप तिला हा एकच. शेवटी गाडी निघून गेल्यावर रडत म्हणालो, "देवा, माझ्याच्यानं होत नाही."

"काय होत नाही?" खालून आवाज आला.

"मी देवाशी बोलतोय, मामा."

"मग त्याला तरी खरं सांग."

खरं सांगितलं. ताकद नाही, विश्वासही बोलण्यापुरताच, आता तूच धर. वीज चमकली नाही, देवदूत उतरला नाही. उलट माझे पायच निसटले. हातातून दोर सुटला आणि कमरेनं फरफटत मी विहिरीकडे निघालो. उभा असतो तर कप्पीच्या दोन खांबांमधून सरळ आत गेलो असतो. पडलो होतो, म्हणून आडवा येऊन दोन्ही खांबांना अडकलो. बरगड्या कडाडल्या. तसाच मुरमात तोंड खुपसून पडून राहिलो, हातात काहीही न धरता. खालचा ओरडा थांबला तेव्हा तर माझा जीवच गेला. तेवढ्यात माणसं जेवून परतली आणि त्यांनी आम्हा दोघांनाही ओढून काढलं.

रविवारी फडक्यांनी आवळलेल्या बरगड्यांसकट मी साक्षीला उठलोच. देवानं माझे पाय कसे खडकात रोवले, शंभर हत्तींनी ओढलं असतं तरी मी कसा हललो नसतो, ते सांगताना दोन बायका रडल्या. पाळकसाहेबांनी सासऱ्यांकडे वळून विचारलं, असंच घडलं का?

"नाही," ते म्हणाले. "तो पडला, म्हणून मी वाचलो."