मामंजींचा वाफा

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा सासरी एक नवरा, एक सासरा आणि एक कागदाची पुडी होती. मान पुडीचा सगळ्यांत मोठा. ती देवाच्या फळीवर, करंड्याशेजारी ठेवलेली असे. तिच्यावर मामंजींच्या मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'झेंडू', आणि खाली त्यांच्या साताऱ्याकडच्या गावाचं नाव. सासूबाईंनी गावातल्या त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला ते बी धरलं होतं. मग त्या गेल्या, मळा भावकीकडे गेला आणि मामंजी मुलाच्या नोकरीमागे इथे भाड्याच्या दोन खोल्यांत आले. झेंडूचं बी फार वर्षं टिकत नाही. पहिलं वर्ष बिऱ्हाड लावण्यात सरलं होतं. म्हणजे यंदा उगवलं तर उगवलं.

परसात त्यांनी वाफा आखला तो सुतळी धरून. मधली जमीन वीतभर खोल आणि चहूबाजूंनी वरंबे. त्यांच्या मळ्यात मोटेचं पाणी पाटाने यायचं. आलेला थेंब वाफ्याबाहेर जाता कामा नये, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. मला तरी कुठे काय कळत होतं? मी पुण्याची. आमच्याकडे झाडं कुंडीत उगवत.

आषाढ चालू होता. मामंजींनी बियांचे तीन हिस्से करून पहिला पेरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात बेडूक पोहत होता. मामंजींनी काय करावं? वरंबे आणखी उंच केले! पाणी वरून येतंय, वरंबा त्याला काय अडवणार? पण मास्तरांना शिकवायचं कोणी? दुसरा हिस्साही कुजला. तरी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन ते दिवसभर पाणी उपसत. त्यांच्या पायाचा चिखल पुसून पुसून मी जेरीस आले होते. हे एकदा वडलांना म्हणाले, "दादा, दसऱ्याला कल्याणहून हार आणू की." त्या दिवशी मामंजी पानावरून न जेवताच उठले. मला माझ्या चिडचिडीची लाज वाटली.

मानपाड्याहून एक आगरी बाई आमच्याकडे रानभाजी घेऊन येत. डोक्यापासून पाठीवर पानांचं इरलं, कासोटा गुडघ्यावर. त्या दिवशी पाटी उतरवली आणि परसात डोकावून त्या खळखळून हसल्या.

"मास्तर, ह्यो वाफा हाय का तलाव? बदका पालाची हान का?"

मामंजींचा चेहरा पडला. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. हसू थांबवून त्यांनी मामंजींच्या हातातली कुदळ घेतली आणि उताराकडच्या कोपऱ्यात वरंब्याला एकच घाव घातला. इतके दिवस तांब्याने न हटलेलं पाणी भराभर वाहून गेलं.

"पान्याला कोंडाचा नाय, वाट द्याची. गो सूनबाय, चुलीतली राख आन."

मग त्यांनी वरंबे मोडले. सगळी माती मधे ओढून तिची उंच गादी केली, दोन्ही कडांना चर काढले. राख मिसळून तळहाताने माती अशी थापली की जणू भाकरीच. पाऊस कोसळतच होता. मी दारात उभी राहून बघत होते. पाऊस तोच, माती तीच, आणि पाणी मात्र गादीवरून उतरून मुकाट चरात जात होतं. इतकी वर्षं शिकलेल्या आम्हा माणसांना जे जमलं नाही, ते त्या न शिकलेल्या हातांनी घटकाभरात केलं होतं. मी अक्षरशः थक्क झाले.

"टाका बी, मास्तर."

मामंजींनी पुडी उघडली. शेवटचा हिस्सा. बी पडल्यावर बाईंनी चार काटक्या रोवल्या, पाठीवरचं इरलं काढून त्यांवर उताणं नाही, नीट पालथं ठेवलं आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या.

"अहो, तुम्ही भिजाल!" मी ओरडले.

"मी काय बी हाय कुजाला?" असं म्हणत त्या गेल्याही. भाताच्या लावणीचे दिवस, त्यांना इरल्याची गरज आमच्याहून जास्त.

पाचव्या दिवशी मामंजींनी मला हाक मारली. दोघं वाकून बघत राहिलो. नखाएवढी हिरवी पानं, जोडी जोडीने. माझे डोळे भरून आले. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, त्या सासूबाई जणू परसात येऊन उभ्या होत्या. त्याच दुपारी इरलं पुसून मामंजी स्वतः मानपाड्याला पोचवून आले.

दसऱ्याला दाराला आमच्याच झेंडूचं तोरण लागलं. पुढे फुलं वाळली, मामंजींनी बी धरलं आणि दोन पुड्या बांधल्या. एक ते मानपाड्याला देऊन आले. दुसरी बांधताना त्यांनी नवा कागद घेतला नाही. सासूबाईंची जुनीच पुडी उलटी घडी घालून कोरी बाजू वर काढली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'झेंडू, डोंबिवली'.