सोप्या इंग्रजीचा संशय

वणी रस्त्याला आमच्या घरामागे पुतण्याची द्राक्षबाग आहे. मी एका निर्यात कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार बघून निवृत्त झालो, त्यामुळे घरात इंग्रजीतलं काहीही आलं, अगदी द्राक्षं घेणाऱ्या निर्यातवाल्याचा करारही, की ते माझ्यापुढे यायचं. पुतण्या मोबाइलवर जगभरच्या द्राक्षवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये गेला, तेव्हाही वाचून सांगायचं काम माझंच.

त्या ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा बागायतदार होता. तो फार सोपं लिहायचा, आणि तेच मला खटकायचं. कंपनीत येणारी साहेबी पत्रं पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय उलगडत नसत. इंग्रजी ज्याची घरची भाषा, तो पाचवीतल्या पोरासारखं का लिहील? त्यातून मी आणखी एक गोष्ट हेरली. स्वतःच्या गाववाल्याशी तो ऐसपैस, चेष्टामस्करी करत लिहायचा. आम्हाला, तुर्कांना, चिलीवाल्यांना मात्र चार चार शब्दांची वाक्यं. कुणी विचारलं तर म्हणे, सगळ्यांना कळावं म्हणून. माझा विश्वास बसला नाही. खरा माल तो आपल्या लोकांना देतोय आणि आम्हाला चोथा, असं मी धरून चाललो.

त्या वर्षी पाऊस लांबला. घडांभोवती पाला दाटला, डावणी रोगाची भीती होती. पुतण्याने माझ्याकडून प्रश्न लिहून घेतला. म्हाताऱ्याचं उत्तर आलं: घडांजवळची पानं काढा. फक्त सकाळचं ऊन येतं त्या बाजूची काढा. दुपारच्या बाजूची ठेवा. नाहीतर मणी भाजतील.

"काय म्हणतो?"

"पानं काढा म्हणतो."

"बस? औषध काय मारायचं?"

"ते नाही सांगणार तो. आपण काय त्याचे मेव्हणे?"

पुढची वाक्यं मी सांगितलीच नाहीत. लहान मुलाला समजवावं तशी ती वाटली, आणि त्यांत काही असेल असं मनातही आलं नाही.

पुतण्याने दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. पुढे कडक ऊन पडलं आणि दुपारच्या बाजूचे घड करपले. "गोऱ्यानं गंडवलं," तो म्हणाला. "मी बोललोच होतो," मी म्हणालो. तो ग्रुपमधून बाहेर पडला.

करपले ते नेमके दुपारच्या बाजूचेच घड, हे माझ्या मनातून जात नव्हतं. परवा मी त्याला मोबाइलमध्ये राहिलेला तो जुना संदेश उघडायला लावला. म्हटलं, मी अर्धाच सांगितला होता, बाकीचा तू वाच. त्याने ओठ हलवत वाचला. कुठेही अडला नाही.

"काका, हे तर मलाच वाचता येतंय. लय सोपं हाय."

"हो."

"मग मी तुम्हाला कशाला विचारत बसलो?"

त्या म्हाताऱ्यावर माझा एवढा राग का होता, ते मला त्या क्षणी कळलं. त्याच्यासारखे सगळे लिहू लागले असते, तर माझ्याकडे कोण आलं असतं?

"निर्यातवाल्याचा करार तुम्हीच वाचला होता ना? त्यातलं काय गाळलंत?"

"काही नाही रे."

"नक्की?"

मी आठवू लागलो, पण छातीठोक सांगता येईना. तो थेट म्हाताऱ्याच्या नंबरवर लिहायला बसला, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एकेक अक्षर शोधत. काय लिहितोय ते बघायला मी वाकलो, तर त्याने मोबाइल दुसरीकडे वळवला.