बुडाला भोक असलेलं भांडं

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी मला मातीचं एक भांडं दिलं, आणि त्यानंतर बावीस वर्षं मी त्यांच्या घरी खुर्चीत बसलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं असतं.

आम्ही शहापूरचे विणकर. घरात चार पॉवरलूम, साड्यांचं काम. बायको खानापूरकडच्या कुंभाराची मुलगी. बेळगावात कॉलेजात भेटलो आणि कुणाला न विचारता लग्न ठरवून मोकळे झालो. माझ्या घरी आठवडाभर आरडाओरडा झाला, मग मिटला. सासऱ्यांनी मात्र मला वर-खाली न्याहाळलं, "माग किती हाईत?" एवढंच विचारलं आणि चाकावर जाऊन बसले. तो होकार होता की नकार, मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहराच तसला. थट्टा करतानाही तोच, रागावल्यावरही तोच.

भांडं तांब्याएवढं होतं. पोट गरगरीत, एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला कान. पण तोंड नाहीच. तोंडाच्या जागी माती नीट बंद केलेली आणि वर मातीचा पोपट बसवलेला.

"पाणी पीत जावा यातनं, पाव्हणं," मामा म्हणाले. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. पाणी घालायचं कुठून, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण नवा जावई, त्यात परक्या जातीचा. साधं भांडं भरता येत नाही म्हणतील, या भीतीनं मी "व्हय" म्हणून ते पिशवीत घातलं.

घरी येऊन बघतो तर बुडाला भोक. करंगळी जाईल एवढं. मला मामांची कीवच आली. वाटलं, भट्टीत भोक पडलं असेल, म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला भोक बघवत नाही. साडी मागावरून उतरली की आम्ही उजेडात धरतो, आणि गिऱ्हाइकाचा डोळा पोचायच्या आधी आमची सुई तिथं पोचते. तसंच केलं. व्हाइट सिमेंट कालवून भोक बुजवलं, वरून काचकागद मारला. बायको चार दिवसांनी माहेरून आली तेव्हा मोठ्या ऐटीत तिला दाखवलं.

ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अहो, तेच त्याचं तोंड." भांडं पालथं करायचं, बुडातून पाणी घालायचं, मग सरळ करायचं. आत नळी असते, थेंब सांडत नाही. हे सांगता सांगता तिचं हसू थांबलं. त्यांच्या घरी प्रत्येक जावयाला असलं एखादं कोड्यात टाकणारं भांडं देतात. माझ्या साडूला प्याला मिळाला होता. काठोकाठ भरला की आपोआप सगळा रिकामा होणारा. त्याची विजार भिजली, तो तिथल्या तिथं ओरडला, "मामा, ही काय भानगड हाय, दावा की!" मामांनी त्याला चाकाशेजारी जमिनीवर बसवून दाखवलं. त्या दिवसापासून तो घरचा झाला. जावयानं फक्त विचारायचं असतं.

"आता जाऊन सांगा तुम्हीच," बायको म्हणाली.

मी गेलो नाही. काय सांगणार? तुमच्या भांड्याचं तोंड मी लिंपून टाकलं, असं? एकदा छिन्नी लावून पाहिली, पण तडा जाईल म्हणून हात आखडला. पुढं दर दिवाळीला मामा विचारायचे, "भांडं काय म्हणतंय, पाव्हणं?" मी म्हणायचो, "झकास हाय मामा." लगेच माझ्यासाठी खुर्ची बाहेर यायची. साडू खाली बसून कोपरापर्यंत माती लावून घ्यायचा आणि मामांच्या शिव्या खायचा. मला बावीस वर्षांत एक शिवी मिळाली नाही. लोकांना हा मान वाटायचा. मला फार लागायचं ते. मामांना खरं कळलं होतं का? बायको शपथेवर सांगते, तिनं सांगितलं नाही. मग ते दर वर्षी का विचारायचे?

आता दोन वर्षं झाली, मामांना विसर पडायला लागलाय. चाक बंद आहे. पोटच्या पोरीला गिऱ्हाईक समजून कन्नडमध्ये विचारतात, "एष्टु बेकु?" किती पाहिजेत? तीही बिचारी "दोन द्या" म्हणते.

या दिवाळीला मी ते भांडं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. खुर्ची आली. मामा चाकाजवळ पोत्यावर बसले होते. भांडं त्यांच्या हातात दिलं. पोपटावरून बोट फिरलं, पोटावरून फिरलं आणि बुडाशी येऊन अंगठा थांबला.

"हे कुणी बुजीवलं?"

"मी, मामा. मला वाटलं, भोक पडलंय."

त्यांनी भांडं उलटसुलट फिरवलं. मग म्हणाले, "मग पाणी कुठनं घालायचं?"

मी त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधत होतो. सापडेना. म्हणालो, "मला न्हाय ठावं मामा. तुमी दावा." विचारलं एकदाचं, तेही उत्तर माहीत असताना.

त्यांनी चाकाशेजारची सळई घेतली आणि सिमेंट कोरायला लागले. धोतरावर पांढरी भुकटी पडत राहिली. शेवटी खपली आत पडून खुळखुळली. भांडं पालथं धरून ते माझ्यावर खेकसले, "खुर्चीत काय बसलायस? खाली बस. वत पाणी!"

मी खाली बसलो. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दिला, मी ओतलं. मामांनी भांडं सरळ केलं. थेंबही सांडला नाही. त्यांनी ते पुन्हा वर धरून बूड पाहिलं आणि नवलानं स्वतःच्या तोंडात बोट घातलं.

"सांडत न्हाय की गं!" ते लेकीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुणी केलंय हे? लई हुशार माणूस दिसतोय."

"माझ्या सासऱ्यांनी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग त्यास्नी इचार की, कसं केलंय ते. इचारल्याबिगर कोण सांगत न्हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहरा तोच होता, पहिल्या दिवशीचा. ते मला ओळखत होते की नव्हते, काही कळेना. मी तसाच मातीत बसून राहिलो. बायकोनं खुर्ची उचलून आत नेली.