मागचा डावा स्पीकर

आमच्या सौसर गावात कोणी साउंडबार घेतला की दुकानवाला जोडायला त्याच एका कारागिराला पाठवतो. शेजाऱ्यांकडे, भावाकडे मी त्याला पाहिलेलं. प्रत्येक स्पीकरपाशी उभा राहून तो विचारतो, "येऊन राहिला का आवाज?" आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या ओठांवरची नजर काढत नाही. मला ती अदब वाटायची.

आमच्याकडे मागचा डावा वायरलेस स्पीकर जोडताना तो पाठमोरा होता. त्यानं विचारलं. मी दोनदा "नाही" म्हटलं. "मस्त," म्हणत तो पेचकस पिशवीत टाकू लागला. वळून माझा चेहरा पाहिला आणि थबकला.

"कान गेले, भाऊ. दुकानात नका सांगू." त्याला हळू बोलायचं होतं, पण आवाज मोठाच निघाला. "हा वाजून राहिला ना?"

मी हो म्हटलं.

तो स्पीकर अजून मुकाच आहे. तक्रार करायची तर दुकानातच करावी लागते.