नावं गेलेले आवाज

घशाच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या माणसाला त्याचा थोरला भाऊ मौनीबाबा म्हणायचा. लहानपणापासून दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे धाकट्याच्या वाटचं बोलायचं काम थोरल्यानेच केलं. लग्न जमवतानाही मुलीकडच्यांना त्यानेच सांगितलं, की मुलगा बोलतो, फक्त सवडीने.

त्याच दादाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्या दवाखान्यात अशी पद्धत होती, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोग्याने एका छोट्या खोलीत बसून ठरलेला परिच्छेद मोठ्याने वाचायचा. तो आवाज सर्व्हरवर जपून ठेवला जाई. दादानेही वाचला. पुढे वहिनी भेटतील तेव्हा विचारायच्या, भावजी, तेवढं रेकॉर्डिंग आणाल ना? पुढच्या आठवड्यात नक्की, असं तो सांगायचा. खरं तर तो आवाज ऐकायचा त्याला धीरच होत नव्हता.

अशात सर्व्हर बंद पडू लागला. आधी पंधरा दिवसांनी, मग दिवसाआड. चालू करताना पडद्यावर प्रश्न यायचा, फायलींची मांडणी बिघडली आहे, दुरुस्त करू का? तो 'होय' दाबायचा. बाहेर रोगी खोळंबलेले, डॉक्टरांचे फोनवर फोन. दुसरं काही सुचायला उसंत नसायची. डिस्क जुनी झाली असेल म्हणून त्याने ती बदलली. पुन्हा तेच. शेवटी एकेक भाग सुटा करून तपासला, तेव्हा मेमरीची बोटभर पट्टी सदोष निघाली. डिस्क बिचारी धडधाकट होती.

हे कळलं आणि त्याने आपण किती वेळा 'होय' दाबलं ते नोंदींतून मोजलं. कारण दुरुस्तीही त्याच पट्टीच्या भरवशावर चालली होती. तो सतरा वेळा 'होय' म्हणाला होता, आणि दर वेळी बिघडलेल्या फायलींबरोबर चांगल्याही तुटल्या होत्या. रोज निघणारी दुसरी प्रतही त्या तुटक्या फायलींचीच होती.

नवी पट्टी घातल्यावर सर्व्हर शहाण्यासारखा चालू लागला. पण आवाजांच्या जागी तीनशे बारा तुकडे उरले होते. नावं गेलेली, नुसते आकडे. सगळ्यांनी एकच परिच्छेद वाचलेला, तेव्हा शब्दांवरून माणूस ओळखायची सोय नव्हती. दोन दिवस बसून त्याने सगळे ऐकले. त्यात दादा नव्हता.

दवाखान्याच्या साहेबांनी पट्टीवर खापर फोडून तसा कागद फाइलला लावला. त्याला कोणी काही विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त जड गेलं.

रविवारी तो दादाकडे गेला. समोरचा चहा गार झाला तरी तोंडून शब्द फुटेना. दादाने मांडीवरची पाटी घेऊन लिहिलं, "मौनीबाबा, आता तुम्हालाच बोलावं लागेल. माझा भरवसा नाही."

"दादा, तुझा आवाज माझ्या हातून गेला," तो म्हणाला. मग अडखळत सगळं सांगितलं, सतरा वेळाही सांगितलं.

वहिनी उठून आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. दादा खिडकीबाहेर पाहत होता. नंतर त्याने पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला, "बाकीचे?"

ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही दादा महिना महिना दवाखान्याच्या वॉर्डात पडून होता. आधी त्याने नव्या येणाऱ्या एकूण एकाशी गप्पा मारल्या होत्या. नंतर नुसता ऐकत राहिला होता.

सोमवारी सकाळी दादा दवाखान्यात आला आणि कानाला हेडफोन लावून बसला. पाचव्या तुकड्याला त्याने बोट वर केलं आणि लिहिलं, "सात नंबरची कॉट. शिंपी. बायकोला घाबरायचा." धाकट्याने वॉर्डाच्या नोंदवहीत पाहून आकडा खोडला आणि तिथे शिंप्याचं नाव घातलं.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या आणि तिथेच बाकावर टेकल्या. दादाने हेडफोन काढला की त्या मान वर करायच्या. आपला आवाज नाही, अशी दादा मान हलवायचा आणि पुढच्या आकड्यावर बोट ठेवायचा. संध्याकाळपर्यंत एकोणीस माणसांना नावं मिळाली.

ऐकताना दादाचे ओठ परिच्छेदाबरोबर हलत होते. वहिनी जेवायचं विसरून त्या ओठांकडे बघत राहिल्या.