युवराजांचा पाळणा

संस्थानं जाऊन जमाना झाला, पण ते आमच्या बाबांना सांगायला कुणी धजलं नाही. लोक अजून सवयीनं ज्यांना राजघराणं म्हणतात, त्यांच्याकडे नातू झाला आणि बारशाच्या पाळण्याचं काम बाबांकडे आलं. त्या दिवसापासून आमच्या पडवीतलं सुतारकाम बंद झालं आणि दरबार सुरू झाला. माझी मुलगी तेव्हा तान्ही, आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपायची. ती रडली की बाबा रंधा थांबवून म्हणायचे, "तिका वायच भायर ने गो, माझो हात हलता." मला संताप यायचा. सख्खी नात झोळीत, आणि परक्याच्या नातवासाठी फणसाच्या लाकडावर मोर!

बारशाच्या आदल्या दिवशी बाबांना त्या मोराची मान फिकी वाटली. मी नको नको म्हणत असताना त्यांनी सबंध पाळण्यावर रंगाचा आणखी एक हात फिरवला. "युवराज निजतले तेच्यात. फिको पाळणो चलात काय?"

बारसं बायकांचं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर मांडवात, मी आत. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं. मग बाळाला ठेवायला त्याची आई वाकली, तिला ओल्या रंगाचा वास आला, आणि तिनं बाळाला परत छातीशी धरलं. तिचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. मुहूर्त टळायला नको म्हणून बाळाचं नाव मांडीवरच ठेवलं आणि बायकांनी गाणी म्हणत वरवंट्यालाच झोके दिले. बाबांनी दारातून कुंचीचं टोक पाहिलं आणि हात जोडले.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "झोके देताना पाळण्याच्या कडयेचो आवाज इलो?"

"नाय."

"युवराज रडले?"

"एक शब्द नाय, बाबा."

"दिसाक कसे आसत?"

"सावळे," मी म्हटलं. "अंगान घट्ट."

"आजोबांवर गेले," म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसू लागले. बाबांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस सांभाळलेला राग काढायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांचा रंगानं माखलेला हात हातात घेतला आणि युवराज किती गाढ झोपले होते ते सांगत राहिले.